अंगावरचे आवाळू आणि काचपट्टीवरची त्याची ओळख



पाठीवर, मानेवर, कानामागे किंवा डोक्यात केसांखाली वाटाण्याएवढी, कधी लिंबाएवढी गोल गाठ असलेला माणूस प्रत्येक गावात असतोच. ती दुखत नाही, कामात आड येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते. कोणी तिला आवाळू म्हणते, कोणी चरबीची गाठ म्हणते. मग एखाद्या दिवशी डोक्यावर भारा घेताना किंवा खांद्यावरच्या फवारणी पंपाच्या पट्ट्याने ती घासते, सुजते, लाल होते, आणि घरात धावपळ सुरू होते. कोणी चुना-गूळ लावतो, कोणी बिब्बा लावतो, कोणी सुई तापवून टोचतो.

अशा गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु "बहुतेक" म्हणजे "सगळ्या" नव्हेत. वरून सारखीच दिसणारी गाठ कधी क्षयाची निघते, कधी जंताच्या पिल्लाची, आणि क्वचित कर्करोगाचीही. त्यातला फरक हाताने चाचपून नेहमी कळत नाही. तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली कळतो. तेथे काय पाहतात आणि आपण त्यासाठी काय करावयाचे, हा या पाठाचा विषय आहे.

काढलेली गाठ जाते कोठे?

आपल्या बडोद्यात वैद्यकीय महाविद्यालय १९४९ साली सुरू झाले, आणि सर सयाजीराव जनरल रुग्णालय त्याला जोडलेले आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा विभाग असतो. रोगाने शरीराच्या पेशींत काय बदल झाला हे पाहणारे शास्त्र ते विकृतिशास्त्र. आपल्या देशात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव प्रथम घेतात. १९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. या विभागातला डॉक्टर सहसा रोग्याला भेटत नाही. पण शस्त्रक्रिया करणाऱ्याला शेवटचा शब्द तोच सांगतो.

गाठ काढल्यावर ती लगेच फॉर्मॅलिनच्या पाण्यात टाकतात. त्याने मांस कुजत नाही व पेशी जशा होत्या तशा राहतात. हे पाणी गाठीच्या निदान दहापट असावे लागते. लोणच्याच्या बरणीत फोडी खाराच्या वर राहिल्या तर बुरा येतो, तसेच येथेही आहे. गाठ पूर्ण बुडाली पाहिजे.

मग गाठीचा काप घेऊन त्यातले पाणी अल्कोहोलने काढून टाकतात व त्या जागी वितळलेले मेण भरतात. मेण थिजले की मऊ मांसही वडीसारखे कापता येते. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या वडीचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या केसाहून हा पापुद्रा कितीतरी पातळ असतो.

असा पापुद्रा काचपट्टीवर घेतला तर तो जवळजवळ दिसतच नाही, म्हणून त्याला रंग देतात. पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात. दुसरा रंग इओसिन, त्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. या दोन रंगांवर जगभरातले बहुतेक निदान चालते. डोळ्याजवळचे भिंग दहापट व खालचे भिंग चाळीसपट घेतले म्हणजे वस्तू चारशेपट मोठी दिसते. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून अहवाल त्याच दिवशी मिळत नाही. तो यायला काही दिवस लागले तर त्यात काही काळेबेरे आहे असे समजू नये.

डॉक्टर काय पाहतात?

बियाणे ओळखताना आपण आधी साल पाहतो, मग दाणा फोडून आतला गर पाहतो. गाठीचेही तसेच आहे. डॉक्टर चार प्रश्न क्रमाने विचारतात. गाठीला पिशवी आहे काय? पिशवीचे अस्तर कशाचे आहे? आत काय भरले आहे? आणि पिशवीच्या भिंतीत आणखी काही आहे काय? या चार उत्तरांवर नेहमीच्या गाठी वेगळ्या होतात.

१. एपिडर्मॉइड सिस्ट. सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच. तोंडावर, मानेवर, पाठीवर व छातीवर ती येते, आणि पुष्कळदा तिच्या डोक्यावर एक बारीक काळा ठिपका असतो. काचपट्टीवर तिच्या पिशवीचे अस्तर हुबेहूब आपल्या कातडीसारखे दिसते, फक्त उलटे केलेले. सदऱ्याची बाही उलटी केली म्हणजे बाहेरची बाजू आत जाते, तसे. कातडीचा जो थर रोज झडतो तो येथे आतल्या पोकळीत झडतो, आणि जायला वाट नसल्यामुळे साठत राहतो. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थरावर थर दिसतो. या द्रव्याला केराटिन म्हणतात. आपली नखे व केसही त्याचेच असतात. अस्तराच्या आतल्या कडेला गडद निळ्या कणांनी भरलेल्या पेशींची एक ओळ असते. हा कणांचा थर म्हणजे या गाठीची खूण.

या गाठीला पुष्कळ जण "सेबेशियस सिस्ट" म्हणतात, व आत चरबी आहे असे समजतात. आतला पांढरा, वास येणारा लगदा चरबीचा नसून केराटिनचा असतो, हे काचपट्टीनेच दाखवले आहे.

शेतकऱ्याच्या तळहातावर किंवा तळपायावर हीच गाठ वेगळ्या वाटेने येते. बाभळीचा काटा, धसकट किंवा तार आत घुसताना वरच्या कातडीचा कणभर तुकडा बरोबर नेते. कलम केलेला डोळा जसा दुसऱ्या झाडावर जगतो, तसा तो तुकडा आत जगतो, वाढतो आणि पिशवी बनवतो. तीळभर पांढऱ्या पुळ्या डोळ्यांभोवती येतात त्यांना मिलिया म्हणतात. त्याही याच जातीच्या, फक्त फार लहान.

२. पायलर सिस्ट. दहापैकी नऊ वेळा ही डोक्यात असते. कित्येकदा आई, मुलगी, मावशी अशी एकाच घरात अनेकांना असते, कारण तिची प्रवृत्ती वारशाने येते. हाताला ती अधिक टणक लागते. काचपट्टीवर तिच्या अस्तरात निळ्या कणांचा थर नसतो. पेशी आतल्या बाजूला फुगीर व फिकट होत जातात आणि एकाएकी घट्ट गुलाबी केराटिनमध्ये बदलतात. येथे कांद्याचे पापुद्रे नाहीत, तर खरवसाच्या वडीसारखा एकसंध गोळा. त्यात कधी चुन्याचे कण साठलेले दिसतात.

३. डरमॉइड सिस्ट. ही जन्मापासूनची. गर्भात चेहऱ्याचे भाग जेथे एकमेकांना जुळतात तेथे कातडीचा भाग आत अडकून राहतो व तिच्यापासून ही गाठ होते. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी ती विशेष आढळते. काचपट्टीवर पिशवीच्या भिंतीत केसांची मुळे, तेलग्रंथी आणि घामाच्या ग्रंथीही दिसतात, आणि आत केस सापडतात. लहान मुलाच्या नाकावर, नाकाच्या मुळाशी किंवा कपाळाच्या मधोमध अशी गाठ असेल तर तिला कोणीही टोचू नये. अशी गाठ कधी आत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेली असते, म्हणून आधी स्कॅन करूनच तिच्यावर शस्त्रक्रिया करतात.

४. स्टिएटोसिस्टोमा. छातीवर व काखेत एकाच वेळी अनेक लहान गाठी. टोचल्यास तेलासारखे द्रव्य येते. काचपट्टीवर पातळ अस्तराच्या आतल्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी गुलाबी रेघ असते व भिंतीला तेलग्रंथी चिकटलेल्या दिसतात. तेलाची पिशवी हे नाव खरे शोभते ते हिला.

५. पिशवी नसलेल्या गाठी. लायपोमा म्हणजे खरी चरबीची गाठ. तिच्यात पोकळी नसते, नुसत्या चरबीच्या पेशी असतात. मनगटावरचे गँग्लियन वरून सिस्टसारखे वाटते, पण आत चिकट पाणी असले तरी पिशवीला पेशींचे अस्तर नसते. दोन्ही निरुपद्रवी आहेत.

पिळलेली वा टोचलेली गाठ काचपट्टीवर लगेच ओळखू येते. पिशवी फुटून केराटिन आजूबाजूच्या मांसात गेले की शरीर त्याला परक्या वस्तूसारखे वागवते. अनेक केंद्रकांच्या राक्षसपेशी गोळा होऊन त्याला घेरतात. म्हणून पिळल्यानंतर गाठ जाण्याऐवजी अधिक सुजते व दुखते. शिवाय पिशवी आतच राहिल्यामुळे ती पुन्हा भरते. पिशवीसकट पूर्ण काढणे हाच तिचा उपाय. सुजलेली असेल तर आधी सूज उतरवून मग काढतात.

जेथे काचपट्टी माणूस व घर वाचवते

आता ज्या गाठी साध्या दिसतात पण साध्या नसतात, त्यांच्याकडे येऊ. शेतकरी घराला त्यांतल्या तीन माहीत असल्याच पाहिजेत.

पहिली, जंताच्या पिल्लाची गाठ, सिस्टिसर्कोसिस. दंडावर, छातीवर, मानेवर कातडीखाली किंवा स्नायूत हरभऱ्याएवढी, न दुखणारी गाठ. काचपट्टीवर पिशवीच्या आत चक्क एक प्राणी दिसतो. त्याचे नागमोडी कवच असते, आणि कापात डोके आले तर त्यावरची चूषके व आकडेही दिसतात. हे डुकराच्या फीतकृमीचे पिल्लू. बारीक सुईने गाठीतले द्रव्य ओढून तपासले तरी पुष्कळदा ते ओळखू येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात लांब फीतकृमी होतो. अंगात गाठी होतात त्या मात्र फीतकृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. म्हणून जन्मात मांस न चाखलेल्या माणसालाही ही गाठ होते. घरातला एक जण फीतकृमी पोटात बाळगून असेल, शौचानंतर हात न धुता भाकरी थापत असेल, तर सारे घर धोक्यात येते. उघड्यावर शौच झालेल्या शेतातली कोथिंबीर, मुळा, गाजर न धुता खाल्ले तरी तेच होते. ती विष्ठा मोकाट डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या पिशव्या होतात, आणि चक्र पुरे होते.

ही पिल्ले मेंदूतही बसतात. मोठ्या माणसाला अचानक फिट येऊ लागण्याचे आपल्या देशात हे एक मोठे कारण आहे. अशा वेळी अंगात आले म्हणून मांत्रिकाकडे धाव घेतली जाते आणि वर्षे वाया जातात. कातडीखालच्या एका लहानशा गाठीचा अहवाल अशा रोग्याच्या डोक्यात काय चालले आहे त्याचा माग देऊ शकतो. मात्र अहवालात सिस्टिसर्कोसिस आले तर स्वतःच्या मनाने जंताची गोळी घेऊ नये. मेंदूत पिल्ले असल्यास ती मरताना सूज येऊन फिट वाढू शकते. आधी डॉक्टरांना दाखवून सांगतील तो स्कॅन करावा व मगच औषध घ्यावे. घरच्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी.

दुसरी, काट्यातून आलेली बुरशीची गाठ. काटा किंवा लाकडाची सल हातापायात राहते, विसरली जाते, आणि काही महिन्यांनी तेथे मऊ गाठ येते. वरून ती साध्या सिस्टसारखीच. काचपट्टीवर मात्र कातडीचे अस्तर नसते. मध्ये पू, भोवती राक्षसपेशी, आणि त्यांत तपकिरी रंगाचे बुरशीचे धागे दिसतात. कधी लाकडाचा तो तुकडाही सापडतो. करोनाच्या साथीत २०२१ साली गाजलेली बुरशी ही नव्हे, ती म्युकरमायकोसिस निराळी. साखरेचा आजार असणाऱ्याने किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्याने अशा गाठीकडे अधिक लक्ष द्यावे.

तिसरी, क्षयाची गाठ. मानेच्या बाजूला येणारी, जिला आपण गंडमाळ म्हणतो. ती मऊ पडली म्हणजे गळवासारखी वाटते, पण हाताला गरम लागत नाही. तिला चिरा देऊन सोडले तर जखम महिनोन् महिने वाहते. काचपट्टीवर पेशींचे विशिष्ट गोळके व मध्ये पनीरासारखा मेलेला भाग दिसतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व पूर्ण मुदत घेतल्यास रोग बरा होतो. निदान मात्र आधी झाले पाहिजे.

कर्करोगाबद्दल एवढेच सांगतो. साध्या सिस्टमध्ये कर्करोग होणे फारच विरळ आहे. परंतु सिस्ट समजून काढलेली गाठ मुळातच वेगळी निघाली, असे घडू शकते. म्हणून काढलेली कोणतीही गाठ टाकून न देता तपासणीला पाठवावी.

आपण काय करावे?

गाठ झपाट्याने वाढत असेल, खालच्या मांसाला घट्ट चिकटलेली असेल, दगडासारखी कठीण असेल, तिच्यावर न भरणारी जखम झाली असेल, किंवा काढल्यावर त्याच जागी परत आली असेल, तर वाट पाहू नये. स्तनातली, मानेतली व काखेतली प्रत्येक गाठ दाखवलीच पाहिजे. ती साधी आहे असे घरी ठरवू नये.

गावाजवळच्या दवाखान्यात गाठ काढली तर बाटली शहरात नेण्याचे काम पुष्कळदा घरच्याच माणसावर येते. तेव्हा बाटलीवर रोग्याचे नाव, वय, तारीख आणि गाठीची जागा लिहिली आहे ना हे पाहावे. गाठ फॉर्मॅलिनमध्येच असावी, मिठाच्या किंवा साध्या पाण्यात नसावी, व बर्फात ठेवू नये. फॉर्मॅलिन विषारी आहे. बाटलीचे झाकण घट्ट लावून ती मुलांपासून दूर ठेवावी आणि खाण्यापिण्याच्या पिशवीत कधीही घालू नये.

डॉक्टरांना खरी हकिकत सांगावी. गाठ किती दिवसांची, काटा लागला होता काय, टोचली वा पिळली होती काय, कधी फिट आली होती काय, घरात आणखी कोणाला आहे काय. काचपट्टी पाहणाऱ्यापर्यंत ही माहिती कागदावरूनच पोहोचते. बिब्बा लावला असेल तर तेही लपवू नये, कारण त्याने कातडी भाजते व चित्र बदलते.

अहवाल हाती आला की त्यातले शब्द घाबरवतात, म्हणून थोडक्यात अर्थ देतो. "बिनाइन" म्हणजे निरुपद्रवी. "मॅलिग्नंट" म्हणजे कर्करोगी. "रप्चर्ड" म्हणजे पिशवी फुटलेली. "ग्रॅन्युलोमा" म्हणजे शरीराने एखाद्या गोष्टीला घातलेला पेशींचा वेढा. ती गोष्ट केराटिन असेल, बुरशी असेल वा क्षय असेल, म्हणून या शब्दाचा उलगडा डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. अहवालाचा कागद जपून ठेवावा. गाठ परत आली तर तो फार कामाला येतो.

घरी व शेतात पाळावयाचे नियम सोपे आहेत. डुकरे बंदिस्त ठेवावी व मोकाट सोडू नयेत. घरचे संडास सर्वांनी वापरावे. मांस आतपर्यंत गुलाबीपणा जाईस्तोवर शिजवावे, आणि दाणे दिसलेले मांस खाऊ नये व विकूही नये. पैशाचे नुकसान होते खरे, पण शेजाऱ्याच्या ताटात रोग वाढणे हे पाप आहे. कच्ची भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. कुंपणाचे काटे तोडताना हातमोजे व पायात जोडे असावेत. काटा मोडलाच तर तो पूर्ण काढून घ्यावा.

सरावासाठी

कुटुंबात किंवा गटात बसून या प्रश्नांची उत्तरे द्या. १. एपिडर्मॉइड व पायलर सिस्टच्या अस्तरात कोणता फरक असतो? २. गाठ पिळल्यावर ती अधिक का सुजते? ३. मांस न खाणाऱ्यालाही सिस्टिसर्कोसिस कसा होतो? ४. कोणत्या मुलाची गाठ स्कॅन केल्याशिवाय काढू नये? ५. आपल्या वस्तीत गाठ असूनही कधीच न दाखवलेले कोण आहे, आणि त्याला दवाखान्यापर्यंत सोबत कोण करील?

या पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावयाचे नाही. १८ ऑक्टोबरला आपण संत लूक याचा सण पाळतो. तो वैद्य होता, आणि डॉक्टर मंडळी त्याला आपला आश्रयदाता मानतात. त्याच्या नावाने प्रार्थना करावीच, पण त्याच आठवड्यात शेजारच्या एका म्हाताऱ्याला किंवा एकट्या बाईला हात धरून दवाखान्यात न्यावे. गाठ साधी निघाली तर तिच्या मनावरचे ओझे उतरेल, आणि साधी नसेल तर उपचार वेळेवर सुरू होतील.